वऱ्हाड हा शब्द तीन प्रकारे लिहिलेला: गावातल्या पाच संगणकांवर बसवलेल्या साधनसंचाचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावात ‘क’ वर्गाचं सार्वजनिक वाचनालय आहे. दोन खोल्या, एक व्हरांडा, चार लाकडी कपाटं. तिथले कार्यवाह निवृत्त शिक्षक आहेत. सगळं गाव त्यांना गुरुजी म्हणतं. नोकरीत ज्या ज्या गावी बदली झाली, तिथल्या म्हाताऱ्या बायांकडून त्यांनी भुलाबाईची गाणी, जात्यावरच्या ओव्या, म्हणी आणि शेतीतले शब्द वहीत उतरवून घेतले. अशा एकोणीस वह्या झाल्या. तीन वह्यांना वाळवी लागली होती.

भुलाबाई आमच्याकडे भाद्रपद पौर्णिमेला बसते आणि कोजागिरीला उठते. त्या महिन्यात पोरी घरोघरी जाऊन गाणी म्हणतात, खिरापत ओळखतात. पण गाणी पहिल्यापासून शेवटपर्यंत येणाऱ्या बाया आता थोड्याच उरल्या. गुरुजींचं म्हणणं साधं होतं: वह्या संगणकात जाव्यात, हवा तो शब्द शोधता यावा, आणि जमलं तर कोजागिरीच्या आत एक पुस्तिका निघावी.

टाइप करायला चौघं पुढे आले. वाचनालयाचा ग्रंथपाल, बसस्टँडजवळ झेरॉक्स आणि टायपिंगचं दुकान चालवणाऱ्या एक ताई, ग्रामपंचायतीतला संगणक परिचालक (तो स्वतःच्या लॅपटॉपवर रात्री काम करायचा) आणि शाळेतले एक सर. पाचवा मी. मी तालुक्याच्या ठिकाणी संगणकाचे वर्ग घेतो, त्यामुळे ‘यातलं तांत्रिक तेवढं तू पाय’ असं गुरुजींनी सांगितलं आणि मी हो म्हटलं.

अडचण

पहिल्या सात वह्या टाइप होऊन आल्या तेव्हा मी सगळ्या फाइली एका फोल्डरमध्ये टाकल्या आणि गुरुजींसमोर शोध लावून दाखवायला बसलो. शब्द घेतला ‘वऱ्हाड’. वह्यांमध्ये तो पानोपानी आहे. शोधात आली फक्त दोन फाइलींमधली ठिकाणं. गुरुजींनी तिसरी फाइल उघडायला लावली आणि बोट ठेवून म्हणाले, “हे काय आहे मग?” शब्द डोळ्यांसमोर होता, यंत्राला दिसत नव्हता.

कारण असं. आपला हा अर्धा, कोयत्यासारखा र संगणकात दोन तऱ्हांनी लिहिता येतो. एक म्हणजे नुक्त्याचा ऱ (युनिकोड या पद्धतीत प्रत्येक चिन्हाला एक क्रमांक असतो, याचा ०९३१), त्याला हलन्त आणि पुढे ह. दुसरी म्हणजे साधा र, हलन्त, मग एक न दिसणारं जोडचिन्ह (क्रमांक २००डी) आणि मग ह. दोन्ही पडद्यावर सारखेच दिसतात: वऱ्हाड, वर्‍हाड. ग्रंथपाल इनस्क्रिप्ट कळपट्टीवर शिफ्ट-जे दाबून पहिला लिहायचा. परिचालकाच्या टायपिंगच्या सोयीतून दुसरा यायचा. तिसरा प्रकार ताईंकडचा. त्यांचं सगळं टायपिंग कृतिदेव या जुन्या, युनिकोडमध्ये नसलेल्या फॉन्टमध्ये, आणि ते युनिकोडमध्ये बदलणाऱ्या वेबसाइटवरून बाहेर आलं ‘वर्हाड’, म्हणजे ह वर सरळ रफार. तीच गत पऱ्हाटीची, तऱ्हेची, शेतकऱ्याची. ज्या भागाची बोली आम्ही जपायला निघालो होतो, त्या भागाचं नावच आमच्या संग्रहात तीन वेगळे शब्द होऊन बसलं होतं.

बाकीही भानगडी होत्या. ‘अॅ’ आणि ‘ॲ’ हे दिसायला सारखे, पण पहिल्यात अ आणि वरचा चंद्र अशी दोन चिन्हं आहेत आणि दुसरं एकच अक्षर आहे, जे युनिकोडमध्ये २००८ साली आलं. कृतिदेवमधून आलेल्या मजकुरात काही ठिकाणी श गायबच होता. कृतिदेवमध्ये अर्धा श साध्या एकेरी अवतरणचिन्हाच्या कळीवर बसतो. वर्डमध्ये अवतरणचिन्हं आपोआप वळवायची सोय चालू असली की ते सरळ चिन्ह वाकडं होतं, आणि बदलणाऱ्याला त्यात श ओळखू येत नाही. ‘शेत’मधला श उडतो. ताईंच्या एका फाइलीत अशी पाने भरली होती.

कोणते मार्ग होते

वेबसाइटवर तुकडे चिकटवत राहणं हा पहिला मार्ग आम्ही आधीच चालत होतो. गावात नेट धरत नाही, दुपारी वीज जाते, आणि त्या बदलणाऱ्याच्या तक्त्यात मराठीचा अर्धा र नव्हताच. तो हिंदी डोळ्यासमोर ठेवून केलेला असावा असं माझं मत झालं.

दुसरा मार्ग वर्डच्या मॅक्रोचा, म्हणजे ठरलेले बदल एका आज्ञेत करून घेण्याचा. चौघांनाही वर्ड येत होतं, ही मोठी जमेची बाजू. पण वर्डमध्ये अक्षर आणि फॉन्ट यांची गल्लत होते. कृतिदेवचा फॉन्ट लावलेलं रोमन अक्षर तिथे मराठी दिसतं, आणि टाइप करणाऱ्याला आपण काय साठवतोय ते कळतच नाही. मला असं साधन हवं होतं की ज्यात जे साठवलंय तेच दिसेल. म्हणून साधा मजकूर-संपादक घ्यायचं ठरलं.

तिथे दोन नावं होती. व्हीएस कोड चांगला आहे, पण वाचनालयाच्या ४ जीबी रॅमच्या संगणकावर तो उघडेपर्यंत ग्रंथपाल चहा घेऊन यायचा. नोटपॅड प्लस प्लस हलका, मोफत, २००३ पासून चालत आलेला. त्यात पायथन स्क्रिप्ट नावाचं प्लगइन, म्हणजे वरून बसवायची जोड, बसवलं की आपण लिहिलेली छोटी साधनं त्याच्या मेनूत येतात, आणि ती साधनं ज्या संगणकभाषेत लिहायची ते पायथन त्या प्लगइनबरोबरच येतं, वेगळं बसवावं लागत नाही. नेट नसलेल्या गावासाठी ही गोष्ट मोलाची होती.

संच कसा बनला

सहा साधनं ठरली. कृतिदेव ते युनिकोड, अर्ध्या र ची एकवाक्यता, ‘ॲ’ ची एकवाक्यता, न दिसणाऱ्या चिन्हांची सफाई, शब्दांची यादी, आणि सहावं, ज्यानं पुढे घोळ केला, ते न-ण, ळ आणि वेलांट्या सुधारणारं शुद्धलेखनाचं साधन.

कृतिदेवचं काम तक्त्यापुरतं नाही, हे आधी लक्षात घ्यायला हवं. ‘वर्धा’ हा शब्द घ्या. कृतिदेवमध्ये तो व, ध, काना आणि सगळ्यात शेवटी रफार असा लिहिला जातो, कारण टंकयंत्रावर रफार शेवटी ठोकायचा असतो. युनिकोडमध्ये र आणि हलन्त ध च्या आधी यायला हवेत. म्हणजे रफार दिसला की मागे मागे जायचं, काना ओलांडायचा, जोडाक्षर असेल तर पूर्ण ओलांडायचं, आणि तिथे र ठेवायचा. ऱ्हस्व वेलांटीचं नेमकं उलट: ती कृतिदेवमध्ये अक्षराच्या आधी येते, तिला पुढे न्यायचं. ‘स्थिती’मध्ये ती स च्या आधी असते आणि थ च्या नंतर जायला हवी. या दोन नियमांवर माझे चार दिवस गेले, आणि ते गेले याचं मला वाईट वाटत नाही.

अर्ध्या र चं काम सोपं वाटलं होतं. जोडचिन्हाचं रूप नुक्त्याच्या रूपात बदलणं खरंच सोपं, त्यात शंकेला जागा नाही. ताईंचा रफारवाला प्रकार मात्र डोळे झाकून बदलता येत नाही. ‘कार्य’, ‘सूर्य’, ‘पर्याय’, ‘अर्हता’ यांतला रफार बरोबरच आहे. ‘आचार्यांना’ म्हणजे गुरूंना आणि ‘आचाऱ्यांना’ म्हणजे स्वयंपाक्यांना. यंत्राने कोणत्या आधारावर ठरवायचं? म्हणून तिथे साधन फक्त थांबतं, ओळ दाखवतं आणि विचारतं. या एका निर्णयाबद्दल मी आजही समाधानी आहे.

सफाईचं साधन मात्र मी घाईत लिहिलं. न दिसणारी सगळी चिन्हं काढून टाक, एवढंच त्याला सांगितलं. कोणी ते अर्ध्या र च्या साधनाआधी चालवलं की जोडचिन्हं निघून जात आणि ‘वर्‍हाड’चं ‘वर्हाड’ होई. साधनं वेगवेगळी असली तरी त्यांचा क्रम लागतो, हे परिचालकाच्या फाइली बिघडल्यावर कळलं. त्यावर माझा उपाय असा की सहाही साधनं योग्य क्रमाने चालवणारं एकच बटण करायचं. नाव दिलं ‘सर्व शुद्ध करा’. ताईंना ते फार आवडलं. “भाऊ, हे एक दाबलं का सगळं होते न?” मी म्हटलं, होतं ताई.

बसवताना

पाच संगणकांवर संच बसवायला मी दोन रविवार धरले होते. पाच लागले.

पहिला खोळंबा ३२ आणि ६४ बिटचा. ताईंच्या दुकानात ३२ बिटचा संपादक होता, माझ्या पेनड्राइव्हवर ६४ बिटचं प्लगइन. जुळत नसलेलं प्लगइन संपादक उचलतच नाही. दुसरा खोळंबा जुन्या सवयीचा. परिचालकाने स्वतःहून प्लगइनची फाइल सरळ प्लगइन्सच्या फोल्डरमध्ये टाकून ठेवली होती. २०१८ च्या ७.६ आवृत्तीपासून प्रत्येक प्लगइनला त्याच्याच नावाचा वेगळा फोल्डर लागतो, तो नव्हता.

यातून मार्ग निघाला तो पोर्टेबल झिपचा. संपादकाची ती आवृत्ती कुठेही उलगडून चालवता येते, आणि तिच्यातल्या एका छोट्या फाइलीमुळे सगळी मांडणी, प्लगइन, आपली साधनं त्याच फोल्डरमध्ये राहतात, विंडोजच्या वापरकर्त्याच्या फोल्डरमध्ये विखुरत नाहीत. एकच अट होती: तो फोल्डर प्रोग्राम फाइल्समध्ये ठेवायचा नाही, कारण तिथे त्या फाइलीकडे संपादक लक्ष देत नाही. मग मी माझ्या लॅपटॉपवर पूर्ण संच एकदाच जुळवला, चालवून पाहिला आणि तोच फोल्डर सगळीकडे डी ड्राइव्हवर उतरवला. आधीच असं केलं असतं तर तीन रविवार वाचले असते.

खरा निर्णयाचा क्षण सरांच्या घरी आला. त्यांचा संगणक विंडोज ७ चा. पायथन स्क्रिप्टचे दोन फाटे आहेत: एकात पायथन २.७, दुसऱ्यात पायथन ३. पायथन ३ च्या ३.९ पासूनच्या आवृत्त्या विंडोज ७ वर चालत नाहीत, आणि प्लगइनबरोबर येणारं पायथन त्याहून नवं होतं. सरांना वगळायचं, की सगळ्यांसाठी २.७ घ्यायचं? सर मन लावून काम करणारे, त्यांची अक्षरओळख सगळ्यांत चांगली. मी २.७ घेतलं. निर्णय माणसाकडे पाहून घेतला आणि तांत्रिक बाजूने तो चुकला.

२.७ मध्ये संपादकाकडून मजकूर अक्षरांचा नव्हे, बाइटांचा, म्हणजे साठवणीच्या छोट्या तुकड्यांचा येतो. यूटीएफ-८ या युनिकोड साठवायच्या रीतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटांचं असतं, आणि क पासून वेलांटीपर्यंत बहुतेक चिन्हांचे पहिले दोन बाइट सारखेच असतात. मजकूर आधी अक्षरांत उलगडून घेतला तर काही बिघडत नाही. मी ते तीन साधनांत केलं, चौथ्यात विसरलो. त्या साधनात ‘काना, वेलांटी, उकार यांपैकी कोणतंही एक’ असा नमुना होता. यंत्राने तो सुट्या बाइटांवर लावला आणि अक्षरं मधोमध कापली गेली. ग्रंथपालाच्या पडद्यावर ओव्यांच्या जागी चौकोन आणि प्रश्नचिन्हं आली. त्याने फाइल बंद न करता मला फोन केला हे नशीब. प्रत्येक साधनाचं पूर्ण काम मी एकाच ‘मागे घ्या’मध्ये बांधलं होतं, त्यामुळे एका कंट्रोल-झेडने मजकूर परत आला.

दुसऱ्या दिवशी आम्ही पायथन ३ वर गेलो. सरांकडे जाऊन मी स्पष्ट सांगितलं की तुमच्या संगणकावर संच चालणार नाही. तुम्ही फक्त टाइप करा, इनस्क्रिप्टमध्ये, आणि फाइल पेनड्राइव्हवर द्या. ते म्हणाले, “मले तसंही टाइपच करायचं होतं.” मी उगाच त्यांच्या वतीने ठरवत बसलो होतो.

पानी आणि पाणी

आता ज्यासाठी हे प्रकरण लिहायला घेतलं ते.

सहावं साधन वह्यांसाठी नव्हतंच. परिचालकाने मागितलं होतं. ग्रामसभेच्या इतिवृत्तात, ठरावात न-ण च्या चुका राहतात, वरून विचारणा होते, तर त्यासाठी काही करून द्या, असं तो म्हणाला. मागणी रास्त होती. मी एक यादी केली: पानी असेल तिथे पाणी, कोन असेल तिथे कोण, लोनी तिथे लोणी, मले तिथे मला. काही ओळी ळ च्या होत्या, कारण आमच्याकडे बोलताना ळ चा य होतो आणि तोच टायपिंगमध्ये उतरतो: डोया, केयी, पोया. यादी दोनशे ओळींच्या आसपास झाली. आणि ती ‘सर्व शुद्ध करा’ या बटणामागे, शेवटच्या पायरीवर जाऊन बसली. ती वह्यांवरही चालेल हा विचार माझ्या मनात आला नाही. वह्या आणि ठराव टाइप करणारी माणसं तीच होती, संपादक तोच होता, बटण तेच होतं.

ताईंनी दोन वह्या पूर्ण केल्या, बटण दाबलं, फाइल साठवली, बंद केली आणि छापून गुरुजींकडे पाठवली. दोन दिवसांनी गुरुजींनी मला बोलावून घेतलं. व्हरांड्यात बसले होते, समोर कागद, एका ओवीखाली पेन्सिलीने रेघ. एका ओळीच्या शेवटी ‘रानी’ होतं, खालच्या ओळीच्या शेवटी ‘पाणी’.

“बापू, जुयते का हे? ‘रानी’ खाली ‘पाणी’? माह्या मायनं जल्मभर पानीच म्हटलं. तिच्या तोंडून घेतलेली ओवी आहे ही.”

मी वही मागितली. वहीत स्वच्छ ‘पानी’ लिहिलेलं. रानी माझ्या यादीत नव्हती म्हणून राहिली, पानी होतं म्हणून गेलं, आणि यमक तुटलं. यमक तुटलं नसतं तर कदाचित कोणाच्याच लक्षात आलं नसतं. पुढच्या पानांवर ‘मले’ ची ‘मला’ झाली होती, ‘डोया’ चा ‘डोळा’. ज्या एका गोष्टीसाठी वह्या टाइप करायच्या होत्या, तीच माझ्या साधनाने पुसली होती, आणि पानं आधीपेक्षा नीटनेटकी दिसत होती.

मी म्हटलं, गुरुजी, उलटी यादी चालवून परत करतो. घरी येऊन बसलो तेव्हा कळलं की उलटं होत नाही. प्रत्येक ओवीखाली गुरुजींची स्वतःची टीप आहे, प्रमाण मराठीत: ओवी कोणत्या गावची, कोणत्या प्रसंगाची, शब्दाचा अर्थ काय. त्या टिपांतलं ‘पाणी’ पहिल्यापासून ‘पाणी’च होतं. आता एकाच फाइलीत काही पाणी मूळचं आणि काही माझ्या यंत्राने केलेलं, आणि दोघांत फरक सांगणारी एकही खूण उरली नव्हती. फाइल बंद झाल्यावर ‘मागे घ्या’ही संपतं. मूळ प्रत ताईंनी ठेवली नव्हती. ठेवा असं मी सांगितलंही नव्हतं.

दोन्ही वह्या पुन्हा ओळीला ओळ लावून तपासाव्या लागल्या. ताई वाचायच्या, मी बदलायचो. दुकान बंद झाल्यावर, रात्री आठ ते दहा, नऊ दिवस. ताईंनी एकदाही बोल लावला नाही, आणि मला त्याचाच जास्त त्रास झाला.

दुरुस्ती

संच मी दोन भागांत तोडला. पहिल्या भागात लिपीची साधनं: तोच शब्द, तोच उच्चार, फक्त साठवण्याची रीत एक करायची. वर्‍हाड आणि वऱ्हाड हा त्या भागाचा प्रश्न. दुसऱ्या भागात भाषेची साधनं, जिथे शब्दच बदलतो. हे दोन भाग मेनूतही वेगळे ठेवले आणि ‘सर्व शुद्ध करा’ बटण काढून टाकलं. ताईंना ते आवडलं नाही. लिपीच्या साधनांपुरतं एक बटण मी परत दिलं, त्याचं नाव ‘लिपी सारखी करा’ एवढंच ठेवलं. ‘शुद्ध’ हा शब्द मेनूतून गेला; तो शब्द तिथे होता म्हणूनच कोणी दाबताना विचार केला नाही, असं मला वाटतं.

वह्यांच्या प्रत्येक फाइलीच्या पहिल्या ओळीत आता ‘बोली’ अशी खूण असते. ती दिसली की भाषेचं साधन चालायला नकार देतं. साध्या तीन ओळींची राखण आहे ही, पण पाचही जणांना समजते. शिवाय लिपीचं साधनसुद्धा आधी नवीन टॅबमध्ये यादी दाखवतं: काय होतं, काय होणार, किती ठिकाणी. हो म्हटल्याशिवाय मजकुराला हात लागत नाही. संपादकात साठवताना दर वेळी तारीख-वेळेसह जुनी प्रत ठेवण्याची सोय मुळातच आहे. ती चारही ठिकाणी चालू केली.

आणखी एक बदल केला, तो मला सगळ्यांत उपयोगी वाटतो. बदलण्याचे नियम मी कोडमधून बाहेर काढून एका साध्या मजकूर-फाइलीत ठेवले. एका ओळीत एक नियम: डावीकडे जुनं रूप, मध्ये टॅब, उजवीकडे नवं. ती फाइल त्याच संपादकात उघडते. आधी प्रत्येक दुरुस्तीसाठी मला पेनड्राइव्ह घेऊन बस पकडावी लागायची, आणि पाच संगणकांवर संचाच्या तीन वेगवेगळ्या आवृत्त्या झाल्या होत्या. आता संचावर आवृत्तीचा क्रमांक मेनूतच दिसतो, आणि नियम ताई स्वतः लिहितात. कृतिदेवमधून येणारे श उडालेले मोडके शब्द कोणते, ते माझ्यापेक्षा त्यांना जास्त ठाऊक आहेत.

परिणाम

भुलाबाईची पुस्तिका कोजागिरीच्या आठ दिवस आधी छापून आली. ‘वऱ्हाड’ शोधलं की आता एकोणीसही वह्यांतलं वऱ्हाड सापडतं. शब्दांची यादी निघाली, तिच्यात डवरा, वखर, तिफन, पऱ्हाटी या शेतीतल्या शब्दांचे जिथे जिथे उल्लेख आहेत ती पानं लागलीच काढता येतात.

यादीतही एक अडचण होती. यंत्राला सांगितलं नाही तर ते युनिकोडच्या क्रमांकांनी लावतं: ळ येतो ल आणि व यांच्या मध्ये, आणि ॲ सगळ्यांत शेवटी. मराठी माणूस ळ ह नंतर शोधतो. वर्णक्रम मी हाताने लिहून दिला. छपाईत ल आणि श मराठी वळणाचे दिसत नाहीत अशीही तक्रार आली. तो फॉन्टचा प्रश्न, मजकुराचा नाही, म्हणून त्यासाठी साधन केलं नाही. फॉन्ट बदलला आणि झालं.

परिचालक त्याच्या ठरावांसाठी भाषेचं साधन अजून वापरतो, आणि ते त्या कामाला चांगलं आहे.

पुन्हा करायचं झालं तर

कोडची पहिली ओळ लिहिण्याआधी मी गुरुजींच्या शेजारी एक वही घेऊन दिवसभर बसेन. कोणती अक्षरं बदलायची हे मी विचारलं होतं. कोणती बदलायची नाहीत हे विचारलं नव्हतं. आणि दोन कामं एका संचात घेणार नाही, माणसं तीच असली तरी. ठरावांचा संच वेगळ्या फोल्डरात, वेगळ्या चिन्हाचा ठेवेन, म्हणजे उघडतानाच कळेल.

बसवण्याची चाचणी आपल्या लॅपटॉपवर न करता सगळ्यांत जुन्या संगणकावर आधी करायला हवी होती. विंडोज ७ चा प्रश्न पहिल्याच दिवशी पुढे आला असता, आणि सरांना मी पहिल्याच दिवशी विचारलं असतं.

मूळ टाइप झालेली फाइल कधीही न बदलता वेगळी ठेवायची, हे तर मी वर्गात पोरांना शिकवतो. इथे ते सांगायचं राहिलं, कारण वह्या हातात होत्या आणि त्याच आपली मूळ प्रत आहेत असं मी धरून चाललो. वाळवी लागलेल्या तीन वह्यांपैकी एक जर त्या दोनांत असती, तर तपासायला समोर काही नसतं.

सातवं साधन अजून व्हायचं आहे. गुरुजींना असं हवंय की कोणी ‘डोळा’ शोधला तर ‘डोया’ही सापडावा, पण मजकूर मात्र जसाच्या तसा राहावा. म्हणजे बदलायचं काहीच नाही, फक्त जोड दाखवायची. त्यासाठी दोन रकान्यांची यादी लागते, आणि ती ताई आणि गुरुजी मिळून करतायत. परवा ताईंचा फोन आला होता. त्यांच्या सासूबाईंनी एक शब्द सांगितला, तो गुरुजींच्या एकाही वहीत नाही. तो यादीत घ्यायचा का, घ्यायचा तर उजव्या रकान्यात काय लिहायचं. मी म्हटलं, ताई, उजवा रकाना सध्या रिकामा ठेवा, गुरुजींना विचारू.